पितरांच्या पंधरवड्यात अलास्का

साल दोन हजार पंचवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं आणि वाकडच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. आमच्याकडं माणूस निवडून आला, नाहीतर गेला, की फ्लेक्स लागतो. माझं दोन्ही नव्हतं. तरी मंडळाच्या पोरांनी लावला. मी गॉगल घातलेला, मागं बर्फाचा डोंगर, कोपऱ्यात एक पांढरं अस्वल, आणि खाली मोठ्या अक्षरात: 'आदरणीय आण्णा यांची अलास्का येथील बर्फ पाहणी दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' निवड कुणी केली हे कुणी विचारलं नाही. मीच केली होती.

मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन सुनेनं बघितलंय, पण म्हणणं माझं आहे. परत आल्यापासून जो तो विचारतो, आण्णा, त्या थंडीच्या मुलखात बोटीनं जायचं तर सीझन कोणता चांगला? टपरीवर दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

जायचं खूळ माझं नव्हतं. आमच्या मंडळींचं, हौसाबाईचं. तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं. मधलं दिसतं, कडेचं गेलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, थेंब घालत राहा म्हणजे आहे ते टिकेल. त्या दिवशी घरी आल्यावर सून प्राजक्ता तिला मोबाईलमध्ये काहीतरी दाखवत होती. समुद्राच्या काठावर बर्फाची भिंत, आपल्या वाकडच्या टॉवरएवढी उंच. तिचा एक कडा सुटतो आणि धाडकन पाण्यात पडतो. हौसानं ते तीनदा लावायला लावलं. मग म्हणाली, "हे एकदा या डोळ्यांनी बघायचंय."

लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली. या बाईनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मी तिथंच सांगितलं, "या वर्षी जायचं."

आता कधी जायचं. प्राजक्ता हिंजवडीला कंपनीत आहे, तिनं सगळं शोधून ठेवलं. म्हणाली, "आण्णा, तिकडं बोटी मे ते सप्टेंबरच चालतात, बाकी वर्षभर बंद. मे महिन्यात पाऊस कमी, पण बर्फाचे तुकडे खाडीत अडकलेले असतात, बोट पुढं जात नाही. जून-जुलै सगळ्यात चांगला. रात्री दहापर्यंत उजेड. सप्टेंबरात पाऊस आणि धुकं."

मी म्हणालो, "जून-जुलै नाही जमायचं."

"का?"

का म्हणजे? वाकडला आता सगळीकडं टॉवर झाले, लोक लिफ्टनं वरखाली करतात, शेजारी कोण राहतो माहीत नसतं. पण आम्ही मूळ गाववाले. गाववाल्याचं वर्ष त्याचं स्वतःचं नसतं. चैत्रात जत्रा. वैशाख-ज्येष्ठात लग्नं, एका दिवशी तीन तीन मांडव, आणि प्रत्येक ठिकाणी फेटा बांधून समोरच्या कोचावर बसावं लागतं. नाही गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, 'आण्णा आता मोठे झाले.' आषाढात, म्हणजे आमच्या आखाडात, घरोघरी मटणाचं जेवण, पाहुण्यांचा राबता. श्रावणात सप्ता (हरिनाम सप्ताह), त्याची वर्गणी गोळा करायला मीच लागतो. मग गणपती. मग दसरा-दिवाळी. मी बोटावर मोजून दाखवलं. सगळ्या वर्षात पितरांचा पंधरवडा तेवढा मोकळा. लग्न नाही, वास्तुशांत नाही, कुणी गुंठाभर जागासुद्धा घेत नाही.

"अनंत चतुर्दशी झाली की निघायचं, घटाच्या आत परत यायचं," मी सांगितलं. "ठरलं."

माझा धाकटा भाऊ बाळू तिथंच बसला होता. मिशा पांढऱ्या झाल्या तरी तो बाळूच. तो म्हणाला, "पितरात कोण सहलीला जातं व्हय, आण्णा? म्हाताऱ्याचा म्हाळ (वडिलांचं श्राद्ध) कोण घालणार?"

"तू घरी घाल. मी तिकडं घालीन. थोरला मी हाय."

"बोटीवर?"

"बोटीवर कावळा नसंल, पण जमिनीवर असंलच की. कावळा नसलेला मुलूख देवानं केला न्हाई."

हौसा शेजारीच बसून ऐकत होती. लसूण सोलत होती.

बाळू जाता जाता बोलून गेला, "पुढच्या वर्षाचं मातर आत्ताच सांगून ठेवतो. अधिक महिना संपला की पहिल्याच आठवड्यात आमच्या नातवाच्या लग्नाचा बार उडवायचाय. गुरुजींनी तारीख काढून दिलीया. तू दारात उभा पायजेस." मी म्हणालो, मी नसल्यावर तुझ्या मांडवात येणार कोण?

गणपती बसले आणि आम्ही पिंपरी कॅम्पात गरम कपडे घ्यायला गेलो. बाहेर ढोल-ताशे, आत घामाच्या धारा. दुकानदार म्हणाला, "काका, या दिवसांत जॅकेट? माळ्यावरून गठ्ठा काढावा लागेल."

"काढा. अलास्काला चाललोय."

त्यानं गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि हौसाला एक लाल जॅकेट घातलं. नऊवारीवर लाल जॅकेट. ती आरशात बघून म्हणाली, "गॅसच्या टाकीगत दिसतीया." पण काढलं नाही. दुकानभर घालून फिरली.

गणपती गेले आणि आम्ही तिघं निघालो. मुलगा दत्ता चाकणचं वर्कशॉप सोडून येऊ शकत नव्हता, मोटारीचे पार्ट वेळेवर गेले नाहीत तर कंपनीवाले जाब विचारतात. प्राजक्तानं रजा काढली. दोन विमानं बदलून सिएटल नावाच्या गावी उतरलो. तिथल्या साहेबानं खिडकीतून विचारलं, कशासाठी आलात? प्राजक्तानं इंग्रजीत सांगायच्या आत मीच म्हणालो, "आइस." त्याला ते कळलं. त्यानं हौसाच्या पिशवीतला तिळाच्या चटणीचा डबा उघडून वास घेतला, शिंकला आणि शिक्का मारला.

बोट बघितली आणि मी टोपी धरून मान वर केली, हे कबूल करतो. आमच्याकडं बारा मजली टॉवर झाला तेव्हा लोक बघायला आले होते. इथं तसला टॉवर आडवा करून पाण्यावर सोडलेला. आत लिफ्ट, पोहायचा तलाव, नाटकाचं थिएटर. आमची खोली बाल्कनीची. हौसा गादीवर बसली, हातानं चाचपून म्हणाली, "हलत न्हाई की."

"लांबलचक हाय ना. आपली बैलगाडी हलायची कारण ती आखूड."

हे मी अंदाजानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी उघड्या समुद्रात बोट अशी हलली की हौसा गादीवरून उठली नाही आणि मी बाथरूममधून बाहेर आलो नाही. प्राजक्तानं हिरवी सफरचंदं आणून दिली. बोटीवर त्याचंच औषध करतात म्हणे. आपलं आलं-लिंबू बरं.

जेवणाच्या हॉलात आम्हाला मिलिंद भेटला. दापोलीकडचा. वाढपी. माझी टोपी लांबून बघून आला आणि म्हणाला, "आजोबा, कुठले?" हौसाला एवढा आनंद झाला की तिनं त्याला पहिल्यांदा त्याच्या आईची तब्येत विचारली. त्यानं आत जाऊन वरण-भात आणला, वर लिंबाची फोड. हिच्या डब्यातली चटणी त्यानं तिथंच उभ्यानं खाल्ली.

मी विचारलं, "मिलिंदा, बर्फ कधी दिसंल?"

"परवा सकाळी खाडीत शिरायचं. पण आजोबा, हा आठवडा जवळजवळ शेवटचा. धुकं असलं तर कॅप्टन आत घालत नाही."

"धुकं जातं रे. आपल्याकडं मावळात सकाळी धुकं असतं, दहाला ऊन पडतं."

तो हसला. म्हणाला, "पडूदे."

पहिलं गाव केचिकन. डोंगराच्या कुशीत, रंगीत लाकडी घरं, निम्मी पाण्यात खांबांवर उभी. आणि पाऊस. धक्क्यावर पाऊस मोजायची पट्टी लावलीय, माणसाच्या कितीतरी वर गेलेली. मी बघितली आणि मनाला बरं वाटलं. आमच्या पवन मावळात पट्टी लावली असती तर तीही अशीच लागली असती. डोंगरही तसेच, फक्त झाडं वेगळी, काळी हिरवी, टोकदार. मधेमधे एखादं पिवळं पडलेलं. माणसं पावसात छत्री न घेता चालत होती. छत्री दिसली की समजायचं, बोटीवरचा माणूस.

त्या दिवशी षष्ठी होती. आमच्या वडिलांची तिथी. धक्क्याजवळ फिलिपाईन्सच्या एका बाईचं छोटं हॉटेल सापडलं. तिच्याकडून भात घेतला, त्यावर चटणी ठेवली, कागदाच्या ताटलीत काढून समुद्राकडच्या कठड्यावर ठेवला आणि हात जोडणार, एवढ्यात पिवळा कोट घातलेली एक बाई आली. रस्ता राखणारी. माझ्याच वयाची असेल, चेहरा आपल्याकडच्या ठाकर बाईसारखा रुंद, दोन वेण्या. प्राजक्तानं ऐकून मला सांगितलं, "आण्णा, पक्ष्यांना खायला घालायचं नाही म्हणतात."

"तिला सांग, पक्ष्याला न्हाई. बापाला घालतोय."

प्राजक्तानं बराच वेळ समजावलं. बाईनं टोपी मागं सारली. विचारलं, वडिलांचं नाव काय?

"ग्यानोबा."

ती म्हणाली, आमच्या लोकांत अर्धी माणसं कावळ्याच्या कुळातली. मीही. आणि मेलेल्या माणसांचा घास आम्ही आगीत घालतो, म्हणजे तो त्यांना पोचतो. एवढं बोलून ती आमच्याकडं पाठ करून समुद्राकडं तोंड करून उभी राहिली. प्राजक्ता म्हणाली, "त्यांनी काही बघितलं नाही म्हणतात."

तेवढ्यात वरच्या तारेवरून तो उतरला. कावळा म्हणावं तर घारीएवढा. काळाभोर, गळ्याला दाढी, चोच म्हणजे अडकित्ता. आवाजसुद्धा काव काव नाही, घागरीत बोलल्यासारखा. मी हात जोडायच्या आत त्यानं भाताचा मोठा घास उचलला, दुसरा उचलला आणि चटणीवर चोच मारली.

हौसा म्हणाली, "मामंजीच हायेत. ताट पुरतं वाढूस्तोवर दम नव्हताच त्यांना."

पिवळ्या कोटातल्या बाईला प्राजक्तानं हे सांगितलं. ती पाठमोरीच हसली, खांदे हलले. मी मनात म्हणालो, बाळू, बघ. पितरात निघालो तरी काही अडलं नाही. त्या दिवशी मी बोटीवर छाती काढून फिरलो.

मग ती सकाळ उजाडली. सात वाजता आम्ही वरच्या मजल्यावर रेलिंगला उभे. लाल जॅकेट, कानटोपी, वरून शाल. बोट हळू चालत होती. पाण्यात बर्फाचे तुकडे यायला लागले, खोबऱ्याच्या वाटीएवढे, मग रिक्षाएवढे. निळे. बर्फ निळं असतं हे मला माहीत नव्हतं. हौसाला मी दाखवत होतो, ते बघ, तिथं. ती नळी फिरवेपर्यंत तुकडा मागं जायचा.

आणि मग धुकं आलं. मावळातलं धुकं वर चढतं, हे आडवं आलं. खाडीच्या तोंडातून, पांढरं, गोधडी ओढल्यासारखं. आधी डोंगर गेले, मग पाणी गेलं, मग बोटीचं पुढचं टोक गेलं. भोंगा वाजला. मी लोकांना हातानंच सांगत होतो, थांबा, दहाला फिटेल. बोट बराच वेळ जागेवर उभी राहिली. एकदा आतून लांबून गडगड ऐकू आली. हौसानं माझा हात धरला. "पडलं का?"

"पडलं बहुतेक."

"कुठं?"

मला दिसत असतं तर सांगितलं असतं. माझे डोळे चांगले आहेत, पण त्या धुक्यात तिच्यासारखंच मलाही काही दिसत नव्हतं. मग कर्ण्यावर कॅप्टन बोलला आणि लोक आत जायला लागले. प्राजक्ता म्हणाली, "आण्णा, बोट वळवतायत. आत जाणं धोक्याचं आहे म्हणाले."

मी जागचा हललो नाही. म्हणालो, अजून थांबू. बोट वळली तरी मी थांबलो. शेवटी हौसाच म्हणाली, "दिसलं मला. चला जेवायला."

"काय दिसलं?"

"पांढरं."

आत येऊन बसलो. मिलिंदनं न मागता चहा आणला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि परत गेला. प्राजक्ता फोन चार्जिंगला लावायला खोलीत गेली. हौसानं कपाला दोन्ही हात लावले, पण प्यायली नाही.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "रागवायचं न्हाई."

"इचार."

"चैतात जत्रा. वैशाखात लोकांची लग्नं. आखाडात पावणं. सावनात सप्ता. भादव्यात गणपती. समद्या गावाला वाटून झाल्यावर तळाला जे उरलं, ते माझ्या वाट्याला आलं. पितरांचं पंधरा दिस. ज्या दिसांत कुणी नवी चप्पल घेत न्हाई, ते. त्यात धुकं दिसणार न्हाई तर काय दिसंल, अवो?"

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. भाजीत मीठ कमी झालंय, तसं म्हणाली.

मी म्हणालो, "गर्दी नसते म्हणून..."

"व्हय. गर्दी न्हाई. समोर बर्फबी न्हाई."

मी वकील लावून जमिनीच्या केसा लढलोय. समोरच्या वकिलाला गप्प केलंय. त्या टेबलावर मी नुसता कप उचलला. चहा पिऊन टाकला, थंड झाला होता.

दुपारी जुनो नावाच्या गावी बोट लागली. तिथं जमिनीवरून ग्लेशियर (बर्फाची नदी) दिसतं म्हणून आम्ही बसनं गेलो. धुकं थोडं वर सरकलं होतं. तळ्याच्या पलीकडं, दोन डोंगरांच्या मधे, एक निळसर पट्टा खाली आलेला. मी म्हणालो, ते बघ. हौसा भलतीकडं बघत होती. प्राजक्तानं तिची हनुवटी धरून हळूच तोंड फिरवलं, जसं आपण लहान पोराला चंद्र दाखवतो तसं.

"सापडलं," हौसा म्हणाली. बराच वेळ बघितलं. "भिंतीवर गोधडी वाळत घातल्यागत हाय. छान हाय." मग म्हणाली, "पण हे पडत न्हाई."

"हे तळ्यात हाय, लांब हाय."

"मला पडताना बघायचं होतं."

माझ्यापेक्षा हट्टी माणूस आमच्या घरात एकच आहे, आणि मीच तिला करून आणली.

परतीच्या वाटेवर समुद्र शांत होता. देवमाशाची शेपटी दिसली, सगळ्यांना दिसली, हौसालाही दिसली, कारण शेपटी नेमकी नळीसमोर आली. तिनं हात जोडले. मिलिंद निरोपाला आला तेव्हा तिनं चटणीचा उरलेला डबा त्याला दिला आणि म्हणाली, "आईला फोन करत जा." तो मला म्हणाला, "आजोबा, परत या. जूनमध्ये या."

"बघू," मी म्हणालो. माझ्या 'बघू'चा अर्थ गावात सगळ्यांना माहीत आहे, 'नाही'. मिलिंदला माहीत नव्हता. हौसाला होता. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

विमानात दोघी झोपल्या. मला झोप येईना. मी मनातल्या मनात पंचांग चाळत होतो. पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक. अधिकात लग्नं नाहीत. म्हणजे मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत गाव मोकळं. मला आत उजेड पडल्यासारखं झालं. अधिकात जाऊ. कुणाचं काही बुडत नाही, जूनचा उजेडही थोडा मिळतो. हे सांगायला मी हौसाकडं वळलो. ती तोंड उघडं टाकून झोपली होती, लाल जॅकेट अंगावर घेऊन. आणि मला तिचंच बोलणं ऐकू आलं. तळाला उरलेलं. मी पुन्हा तळच खरवडत होतो.

सर्वपित्रीला घरी पोचलो. चौकात गाडी वळली तर फ्लेक्स अजून होता. एक कोपरा सुटून अस्वल फडफडत होतं. मंडळाची पोरं जमली होती, बाळू होता, दत्ता होता. गाडीतून पाय काढायच्या आत एक जण म्हणाला, "आण्णा, दिसलं का बर्फ?"

फोटो होते. जुनोचा फोटो दाखवला असता तर कुणाला काय कळणार होतं? निळं बर्फ, मागं डोंगर, पुढं मी. फ्लेक्सवर दुसरा फ्लेक्स लागला असता. हौसा माझ्या शेजारी उभी होती. ती मला खोटं पडू देणार नाही हे मला माहीत होतं. त्या बोटीवरसुद्धा तिनं मला वाचवायलाच 'दिसलं' म्हटलं होतं.

मी म्हणालो, "जे बघायला गेलो ते न्हाई दिसलं. धुकं होतं."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. बाळूला मात्र गप्प बसवेना. "तरी म्हणत होतो, पितरात जाऊ नगं. पितरांनी पडदा टाकला."

"पितरांनी न्हाई. पितर तर जेवून गेलं, पोटभर. सीझन चुकला."

"कुणाचा?"

"माझा."

बाळूनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी इंग्रजीत बोललो. त्यानं विषय बदलला. नातवाच्या लग्नाचं कार्यालय ठरलं म्हणाला, ताथवडे रोडला, अधिक संपल्यावरचा पहिला मुहूर्त, मांडवात उभं राहायला मी पाहिजेच. मी मान हलवली नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

तर आता सीझनचं. ज्यांना विचारायचं होतं त्यांनी नीट वाचा. मे महिन्यात पाऊस कमी, पण खाडीत बर्फाचे तुकडे अडलेले. सप्टेंबरात झाडं पिवळी, गर्दी नाही, आणि धुकं. जून-जुलैत दिवस लांब, धुकं कमी, बोट बर्फापर्यंत जाते. हे माझी सून पहिल्या दिवशी सांगत होती. मी आता सांगतोय म्हणून तुम्हाला पटेल, तर माझ्या तोंडून ऐका. आणि एक माझं स्वतःचं: ज्या माणसाला दाखवायला नेताय, त्याचा दिवस आधी पंचांगात मांडा, बाकीचं गाव नंतर. गाव कुठं जात नाही. वाकडला एवढे टॉवर झाले तरी गाव आहे तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घटस्थापना होती. मी आंघोळ केली, शेतातली म्हणून जपून ठेवलेली माती परातीत पसरली. हौसानं धान्य पेरलं, मी घट ठेवला. मग टोपी घातली. टेबलावर उद्घाटनांच्या तीन पत्रिका पडल्या होत्या, एक गाड्यांच्या शोरूमची, एक दवाखान्याची, एक हॉटेलची. हौसा म्हणाली, "आज कुणाची रिबीन?"

"येतो," म्हणालो, आणि बसनं पिंपरीला गेलो.

टूर कंपनीचं शटर नुकतंच वर गेलं होतं. पोरगा दाराला तोरण बांधत होता. मला ओळखलं, खुर्ची दिली. म्हणाला, "काय काका, कशी झाली ट्रिप?"

"परत जायचंय. आम्ही दोघं आणि सून. जूनमध्ये."

त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. "अधिक महिन्यात घ्या काका, तुमच्यासारखी सगळी मंडळी तेव्हाच घेतात. लग्नं नसतात."

"अधिकात नको. अधिक संपल्यावरचा पहिला आठवडा."

"पण काका, त्या आठवड्यात तर सगळ्यांच्या घरी..."

"माहीत हाय. त्या आठवड्यात मला गावात लई महत्त्वाचं काम हाय. म्हणूनच तोच दे."